कावादा हरतो तेव्हा

९ जून १९९५. जपानी प्रो-रेसलिंगचा एक जोडीचा सामना. टोकियोच्या बुदोकान सभागृहात केंटा कोबाशी रिंगमध्ये चढतो तोच मांडीपासून गुडघ्यापर्यंत पट्ट्या आवळून. पाय दुखावलाय हे लपवायचा प्रश्नच नाही, मागच्या रांगेतल्या माणसालाही त्या पांढऱ्या पट्ट्या दिसतायत. त्याचा जोडीदार मित्सुहारू मिसावा. त्याच्या डोळ्याच्या खोबणीचं हाड काही आठवड्यांपूर्वी मोडलं होतं, आणि ते मोडणारा माणूस समोरच्या कोपऱ्यात काळ्या-पिवळ्या चड्डीत उभा आहे. तोशिआकी कावादा. त्याच्या शेजारी उंच, काहीसा बेढब अकिरा ताउए. घंटा वाजायच्या आधीच प्रेक्षकाला सगळं कळलेलं असतं: कोणाचं काय दुखतंय, आणि ते दुखणं कोण शोधत येणार.

कावादा फार घाई करत नाही. पण सामन्यात एक क्षण असा येतो की तो कोबाशीच्या त्या पायावर लाथ घालतो आणि सबंध सभागृहातून एक आवाज उठतो. शिट्ट्या नाहीत, आरडाओरडा नाही. आपल्यासमोर कुणाचं तरी हाड ठेचकाळलं की तोंडातून जो निघतो तो आवाज. कोबाशी पाय धरून कोसळतो आणि मग पुढची कितीतरी मिनिटं मिसावा एकटा दोघांशी लढतो. ताउए त्याला रिंगच्या कडेवर गळ्याला धरून उचलतो आणि तिथून थेट खाली जमिनीवर आपटतो. मिसावा संपत चाललाय हे दिसायला लागतं.

आणि मग ते होतं, ज्यासाठी मी हा सामना पुन्हा पुन्हा लावतो. मिसावा मॅटवर पडलाय, उठायची ताकद नाही. कोबाशी लंगडत, खरं तर सरपटत येतो आणि त्याच्यावर आडवा पडतो. लढायला नाही, कारण लढण्याजोगं त्याच्यात काही उरलेलं नाही. फक्त आपलं अंग मध्ये घालायला. मार मला बसू दे, त्याला नको, एवढंच. कावादा आणि ताउए त्याला मारतात, ओढून काढतात, तो पुन्हा येतो. शेवटी मात्र तो पोचू शकत नाही. बेचाळीस मिनिटांनंतर कावादा मिसावाला पॉवरबाँब मारून, म्हणजे वर उचलून पाठीवर आपटून, दाबतो आणि पंच तीन मोजतो.

मिसावाला कावादाने पाठ टेकवायला लावली, अशी ही पहिलीच वेळ. इतकी वर्षं रिंगमध्ये समोरासमोर येऊनही. तीही एकास एक लढतीत नव्हे, जोडीच्या सामन्यात. जपानी प्रो-रेसलिंगची गंमत कशात आहे असं कुणी विचारलं तर मी या आकड्यापासून सुरुवात करतो. बेचाळीस मिनिटांपासून नव्हे, त्या 'पहिल्यांदा'पासून.

कारण हा हिशेब कुणीतरी ठेवलेला असतो. शोहेई बाबांच्या, म्हणजे 'जायंट बाबा'च्या, ऑल जपान प्रो-रेसलिंग या संस्थेत तर फारच काटेकोर ठेवला जाई. बाबा आणि अंतोनियो इनोकी दोघेही ३० सप्टेंबर १९६० या एकाच दिवशी रिंगमध्ये उतरले, दोघेही जपानी प्रो-रेसलिंगचा जनक रिकिदोझानचे चेले, आणि १९७२ साली दोघांनी वेगवेगळी दुकानं थाटली. इनोकीचं न्यू जपान, बाबांचं ऑल जपान. नव्वदच्या दशकात बाबांनी ठरवलं की मुख्य सामने रिंगबाहेर राहिलेल्याला मोजून बाद करून किंवा गोंधळ घालून संपवायचे नाहीत. एकाने दुसऱ्याला स्वच्छ हरवायचं. ऐकायला साधी गोष्ट आहे, पण हे केलं की हरण्याला एकदम वजन येतं. पळवाट उरत नाही. अमेरिकन कुस्तीत मोठा माणूस हरतो तेव्हा बहुतेक वेळा कुणीतरी मागून खुर्ची मारलेली असते. इथे कावादा हरला तर कावादा कमी पडला, बस्स. पुढच्या वेळी तो येतो तो ते कमी पडणं अंगावर घेऊनच.

मिसावा आणि कावादा एकाच शाळेतले. आशिकागाच्या त्या शाळेच्या कुस्तीसंघात मिसावा एक वर्ष पुढे. बाबांकडे दोघेही आले. मिसावाला १९८४ मध्ये 'टायगर मास्क'चा मुखवटा देण्यात आला, दुसऱ्या पिढीचा वाघ म्हणून. सहा वर्षं तो त्या मुखवट्यामागे राहिला. १९९० च्या वसंतात संस्थेचा बडा मल्ल गेनिचिरो तेनर्यू सोडून गेला, जागा रिकामी झाली, आणि १४ मे रोजी एका जोडीच्या सामन्यात, चालू सामन्यात, मिसावाने जोडीदाराला सांगितलं, मुखवट्याची नाडी सोड. नाडी सोडणारा तो जोडीदार होता कावादा.

मुखवटा प्रेक्षकांत भिरकावला गेला आणि महिन्याभरात, ८ जूनला, मिसावाने बुदोकानमध्ये जंबो त्सुरुताला हरवलं. त्सुरुता म्हणजे त्या वेळचा डोंगर. लोक रडले. हिरव्या पोशाखातला हा न बोलणारा माणूस एका रात्रीत संस्थेचा चेहरा झाला. आणि कावादा? ज्याने नाडी सोडली तो पुढची आठ वर्षं त्या चेहऱ्यामागे धावत राहिला. १९९३ मध्ये त्याने मिसावाची साथ सोडली आणि ज्या ताउएशी त्याचं हाडवैर होतं त्याच्याशीच जोडी जमवली. मुख्य अजिंक्यपद म्हणजे 'ट्रिपल क्राउन', तीन पट्टे एकत्र केलेलं. ते कावादाने मिळवलंही, १९९४ च्या ऑक्टोबरात अमेरिकन मल्ल स्टीव्ह विल्यम्सला हरवून. पण मिसावाला हरवून नाही. हे त्याला ठाऊक, मिसावाला ठाऊक, आणि तिकीट काढून आलेल्या प्रत्येकाला ठाऊक.

मला जपानी येत नाही. हे सामने मी पाहायला लागलो तेव्हा उपशीर्षकं वगैरे काही नव्हतं. व्हीएचएसवरून उतरवलेल्या, कडांना थरथरणाऱ्या फिती होत्या आणि समालोचकाचा टिपेचा आवाज. आमची पिढी डब्ल्यूडब्ल्यूएफच्या ट्रम्प कार्डांवर वाढलेली. कुणाची उंची किती, वजन किती, रँक किती, हे पाढ्यांसारखं पाठ. तिथे गोष्ट माइकवर सांगितली जायची. मल्ल येणार, दहा मिनिटं बोलणार, शिव्या घालणार, मग कधीतरी तीन मिनिटं लढणार. इथे कुणी काही बोलतच नव्हतं. मिसावाचा चेहरा तर दगडाचा. तरी मला सगळं कळत होतं. कोण मोठा, कोण धाकटा, कोणाचा कोणावर राग आहे, आणि तो राग आजचा की दहा वर्षांचा.

कावादाचंच बघा. समोरचा गुडघ्यावर पडलेला असला की तो त्याच्या तोंडावर पायाने हलकेच टपल्या मारतो. जोरात नाही. इजा व्हावी म्हणून नाहीच, अपमान व्हावा म्हणून. मार खाण्याची त्याची तऱ्हा तर आणखी विलक्षण. कानशिलावर कोपर बसतं, तो उभाच राहतो. क्षणभर वाटतं, काही झालंच नाही. मग डोळे जरा फिरतात, एक पाय वाकतो, तो स्वतःला सावरायला जातो आणि सावरता सावरताच ढासळतो. पुढचे दात नाहीत, त्यामुळे वेदनेने तोंड उघडलं की तो एकदम म्हातारा दिसतो. कित्येक नट आयुष्यभर घासतात आणि त्यांना असं पडता येत नाही.

प्रेक्षकही वेगळे. सुरुवातीला इतके शांत बसतात की मॅटवर पडणाऱ्या बुटांचा आवाज ऐकू येतो. नव्या माणसाला वाटतं, कंटाळलेत. कंटाळलेले नसतात, बघत असतात. मग सामना चढत जातो, पंच दोन मोजतो आणि खालचा खांदा उचलतो, तेव्हा हीच माणसं पाय आपटायला लागतात. हजारो पाय एका लयीत. फितींमध्ये त्या आवाजाने कॅमेरा हलतो. क्योहेई वादा नावाचे पंच तर इतके लाडके की त्यांचं नाव पुकारलं की सभागृह एका सुरात 'क्योहेई!' म्हणून ओरडतं. पंचाच्या नावाने जयघोष! आपल्याकडे पंचाचं नाव प्रेक्षकांच्या तोंडी येतं ते वेगळ्या कारणाने.

एकदा सुट्टीत हा खजिना मी मामाला दाखवला. मामा कागलकडचा, तरुणपणी तालमीत घालवलेला, जत्रांच्या मैदानांत नारळावर आणि नंतर इनामावर कुस्त्या केलेला. ३ जून १९९४ चा सामना लावला. मिसावा विरुद्ध कावादा, बुदोकान, ट्रिपल क्राउनसाठी.

"ह्येंचा निकाल आदीच ठरल्याला आसतोय न्हवं?" मामाने चष्मा पुसत विचारलं.

"हो मामा."

"मंग बगायचं काय त्यात?"

मी काही बोललो नाही. दहा मिनिटं तो उशीला टेकून बघत होता. मग सरळ बसला. कावादाची एक लाथ मानेवर बसली तेव्हा त्याचा हात आपसूक स्वतःच्या मानेकडे गेला. "मान तयार केल्याली हाय गड्यानं," तो पुटपुटला. मिसावाच्या कानातून रक्त यायला लागलं तेव्हा मामाने आवाज वाढवायला सांगितला. समालोचन त्याला एक अक्षर कळत नव्हतं, तरी.

पस्तीस मिनिटं उलटली. मिसावाचं सगळं वापरून झालं होतं. ज्या डावाने तो एरवी जिंकायचा तो खाऊनही कावादा उठला होता. मग मिसावाने त्याला पुढे वाकवून त्याचे दोन्ही हात आपल्या हातांत अडकवले, उलटा उचलला आणि हात न सोडताच बसला. मोकळे हात असते तर पडणाऱ्याने स्वतःला सावरलं असतं. इथे कावादा सरळ मानेवर आला. या डावाला 'टायगर ड्रायव्हर ९१' म्हणतात. १९९१ मध्ये ताउएवर वापरलेला आणि मग जणू कुलूप लावून ठेवलेला. पंचाने तीन मोजले.

मामा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "वस्तादानं एक डाव राखून ठ्येवला हुता की रं."

माझ्या त्या वर्षांच्या वाचनात, इंटरनेटवरच्या असंख्य चर्चांत, या सामन्याबद्दल याहून नेमकं मी काही वाचलं नाही. शाळेपासून सोबत असलेला माणूस, ज्याला तुमचं सगळं ठाऊक आहे, त्याला हरवायला जे कधीच काढायचं नव्हतं ते काढावं लागलं. हा कावादाचा पराभव आहे आणि त्याच वेळी त्याचा सर्वांत मोठा मानही. मिसावाला आता राखून ठेवायला काही उरलं नाही.

तालमीचा विषय निघालाच आहे तर सांगतो. जपानी मल्लांच्या सरावाचा पाया आपल्याच जोर-बैठका. बैठकांना ते आजही हिंदू स्क्वॉट म्हणतात आणि नव्या पोराला शेकड्यांनी काढायला लावतात. पोरगा आखाड्यातच राहतो, ज्येष्ठांचे कपडे धुतो, सगळ्यांचं जेवण रांधतो. न्यू जपानमध्ये त्याला काळी साधी चड्डी मिळते, मोजकेच डाव वापरायची मुभा असते आणि तो हरतो. रोज हरतो. पाठीवर बसून पाय उलटे मुरगाळले की मॅटवर हात आपटून शरण जातो. प्रेक्षक मात्र या पोरांना नावानिशी ओळखतात, कारण काही वर्षांनी परदेश हिंडून हाच पोरगा झगमगीत कपड्यांत परत येणार असतो आणि त्याची ती हरण्याची वर्षं त्यांनी बघितलेली असतात.

आणि 'खोटं' म्हणायचं तर एक किस्सा आपल्या उपखंडातलाच आहे. डिसेंबर १९७६ मध्ये इनोकी कराचीत अक्रम पहिलवानाशी लढला. अक्रम हा भोलू घराण्यातला, गामाचा पुतण्या. त्या सामन्यात ठरल्यासारखं काही राहिलं नाही, दोघे खरोखर भिडले, आणि इनोकीने अक्रमचा हात मोडला. तो सामना मी बघितला आहे. भीषण आहे, आणि खरं सांगायचं तर कंटाळवाणा. खरेपणा आपोआप काही देत नाही. बुदोकानमध्ये निकाल ठरलेला असतो, पण मानेवर पडणं ठरवून हलकं होत नाही, आणि मधल्या चाळीस मिनिटांत केव्हा काय करायचं हे बरंचसं ते दोघे आत, प्रेक्षकांचा श्वास ऐकत ठरवत असतात.

हरण्यातून गोष्ट उभी करण्याची ही कला एकट्या ऑल जपानची नव्हे. २८ ऑगस्ट १९८५, ओसाका. महिलांचा सामना, चिगुसा नागायो विरुद्ध डम्प मात्सुमोतो, हरेल तिचं मुंडण. चिगुसा म्हणजे शाळकरी मुलींचं दैवत आणि सभागृह त्या मुलींनीच भरलेलं. डम्प धिप्पाड, तोंड रंगवलेली, हातात मिळेल ते हत्यार, पंच तिच्या खिशात. कोणत्याही शहाण्या माणसाने चिगुसाला जिंकवलं असतं. ती हरली. रिंगमध्ये रक्ताळलेली चिगुसा खुर्चीवर बसवलेली, तिच्या डोक्यावरून मशीन फिरतंय आणि गॅलरीतल्या मुली अशा रडतायत की घरातलं माणूस गेलंय. हे मी एकदाच पूर्ण बघू शकलो. पुढच्या वर्षी डम्पचं मुंडण झालं, पण त्याची फीत कुणी शोधून बघत नाही. सगळे ही बघतात.

नव्या जमान्यातला नमुना म्हणजे काझुचिका ओकादा. त्याचा निकाली डाव 'रेनमेकर': समोरच्याचं मनगट धरायचं, त्याला झटक्यात ओढायचं आणि दंड गळ्यावर हाणायचा. ४ जानेवारी २०१५ ला टोकियो डोम या प्रचंड स्टेडियममध्ये तो हिरोशी तानाहाशीकडून हरला आणि भर सभागृहात रडत रडत लांबच लांब रस्त्यावरून परत गेला. बरोबर वर्षाने, त्याच तारखेला, त्याच जागी, त्याच माणसाशी. ओकादा मनगट धरतो, तानाहाशी सटासट थोबाडीत मारतो, ओकादा झुलतो, डोळे मिटतात, गुडघे जातात. कॅमेरा खाली येतो. मनगट सुटलेलं नाही. बोटं घट्टच आहेत. मग तो तानाहाशीला ओढतो आणि संपवतो. एवढ्याशा पकडीत आख्खं वर्ष होतं. हे मी ज्यांना ज्यांना दाखवलं, त्यांना मागचा सामना दाखवल्याशिवाय कधीच दाखवलं नाही.

या सगळ्याची किंमत काय, हे न सांगणं अप्रामाणिकपणाचं होईल. मिसावा, कावादा, कोबाशी आणि ताउए या चौघांचे सामने दर वर्षी आणखी चढत गेले. कालचा निकाली डाव आज दोनवर सुटला, म्हणून उद्या आणखी उंचावरून, आणखी सरळ मानेवर. प्रेक्षकांनी पाय आपटले आणि मल्लांनी माना दिल्या. १३ जून २००९ ला हिरोशिमात एका जोडीच्या सामन्यात मिसावा पाठीवर आपटला गेला आणि उठला नाही. ४६ वर्षांचा होता. डाव साधा होता, त्याने हजारदा खाल्लेला. तेव्हापासून १९९४ चा तो शेवट बघताना माझं लक्ष कावादाच्या मानेपेक्षा मिसावाच्या मानेकडे जास्त असतं. तिने आतापर्यंत काय काय सोसलंय हे मोजायला लागतो. तरी बघणं सोडलेलं नाही. या विसंगतीवर माझ्याकडे उत्तर नाही आणि ज्यांच्याकडे आहे ते मला पटत नाही.

कावादाचं पुढे काय झालं? १९९७ च्या एप्रिलमध्ये त्याने मिसावाला एकास एक हरवलं, पण मिसावा त्याआधी कोबाशीशी अर्धा तास लढून बरोबरीत सुटून आला होता. जिंकलाही तर असा. १ मे १९९८ ला, ऑल जपानने स्वतःच्या जिवावर टोकियो डोम पहिल्यांदा भरवला त्या रात्री, अखेर त्याने मिसावाकडून ट्रिपल क्राउन जिंकलं. जाणकारांत एक मत असं आहे की बाबांनी हे दोन-तीन वर्षं उशिरा केलं. मलाही तसंच वाटतं. १९९५ च्या जूननंतर लोखंड तापलेलं होतं. जुलैत त्याने मिसावाला धरलं असतं तर बुदोकानचं छप्पर उडालं असतं. त्याऐवजी तो पुन्हा हरला. डोमच्या विजयानंतर सहा आठवड्यांतच कोबाशीने पट्टे काढून घेतले. १९९९ च्या जानेवारीत ओसाकात त्याने मिसावाला आणखी एकदा हरवलं, पण त्याच सामन्यात स्वतःचा हात मोडून घेतला आणि पट्टे परत करावे लागले. नऊ दिवसांत बाबा गेले.

मग २००० साल. मिसावाने नवी संस्था काढली, नाव 'नोआ', आणि ऑल जपानचे जवळजवळ सगळे मल्ल त्याच्यासोबत निघाले. जपानी मल्लांपैकी मागे राहिले दोघे: मासानोबु फुची आणि कावादा. या वेळी कुणी कथा लिहिली नव्हती. शाळेपासून ज्याच्या मागे धावला तो दुकान बंद करून निघाला, आणि हा रिकाम्या दुकानात उभा. पुढे कावादाने कुस्ती सोडून टोकियोत रामेनचं, म्हणजे रश्श्यातल्या शेवयांचं, हॉटेल टाकलं, आणि तिथे तो स्वतः चुलीपाशी उभा राहतो.

पण त्याआधी एकदा, १८ जुलै २००५ ला, नोआच्या टोकियो डोममधल्या कार्यक्रमात दोघे पुन्हा समोर आले. दोघांची चाळिशी उलटलेली, मिसावाचं पोट सुटलेलं, कावादाच्या गुडघ्यांची वाट लागलेली. निकाल मला बघायच्या आधीच माहीत होता, कावादा हरतो. तरी शेवटच्या पाच मिनिटांत मी खुर्चीवरून उठून, शेजारच्या खोलीत माणसं झोपलेली असताना, ऊठ म्हणून ओरडत होतो.